रात्रपाळी, लिथियम आणि एक वही: बायपोलर आजारात पुन्हा उभं राहण्याची बांधणी (नाशिकमधील एक प्रकरण)

माणूस आणि प्रश्न

अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवणारा ३४ वर्षांचा ऑपरेटर. निदान बायपोलर आजार, प्रकार १: कधी खोल उदासी, तर कधी झोप कमी आणि उत्साह, बोलणं, खर्च बेसुमार असा तेजीचा (मॅनियाचा) झटका. सिडकोत दोन खोल्यांचं घर. घरात पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि आई. मोठा भाऊ निफाड तालुक्यात गावी द्राक्षबाग बघतो. हे एकाच व्यक्तीचं प्रकरण नाही. अशा घरांतून पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते मांडलं आहे, म्हणून नाव, कंपनी, दवाखाना काहीच दिलेलं नाही. औषधांचे नियम आणि कायद्याच्या तरतुदी मात्र आहेत तशाच दिल्या आहेत. डोस ज्याचा त्यानं आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायचा.

दोनदा रुग्णालयात राहून आल्यावर या घरापुढचा प्रश्न साधा होता: पुढचा झटका आलाच तर घर, नोकरी आणि कर्ज यांचं काय होणार? "मन खंबीर ठेव" हे वाक्य त्यानं दहा वर्षं ऐकलं होतं. सांगणाऱ्यांची माया खरी होती, सल्ला मात्र या आजारात चालत नाही. तेजीच्या झटक्यात सगळ्यात आधी बिघडतो तो निवाडा, आणि मन खंबीर ठेवायचं तर तोच निवाडा लागतो. त्यामुळे बरे दिवस असतानाच काही गोष्टी मनाच्या बाहेर बांधून ठेवाव्या लागतात. झोपेची वेळ, वही, बँकेचं खातं, कंपनीला दिलेलं पत्र, भावाशी आधीच करून ठेवलेलं बोलणं. या माणसाच्या बाबतीत ही बांधणी दोन वर्षांत उभी राहिली आणि मध्ये दोनदा कोसळली. ती का कोसळली हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आधी काय घडलं

चोविसाव्या वर्षी पहिली उदासी आली, चार महिने टिकली. घरच्यांनी आळस म्हटलं, मावशीनं "बाहेरचं काहीतरी आहे" म्हटलं. सत्ताविसाव्या वर्षी पुन्हा उदासी आली तेव्हा डिप्रेशनची गोळी सुरू झाली, एकटीच. तीन आठवड्यांत तो रात्री दोन तास झोपून ताजातवाना उठू लागला, आणि महिन्याभरात भरती करावं लागलं. यामागचं कारण घरच्यांना ठाऊक असायला हवं. बायपोलर असलेल्या माणसाला मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय नुसती डिप्रेशनची गोळी दिली, तर काहींना त्यातून तेजीचा झटका येतो. म्हणून उदासी घेऊन आलेल्या प्रत्येकाला "झोप कमी आणि उत्साह भरपूर, असा काळ कधी आला होता का?" हे विचारायचं असतं. रुग्णाला ते आठवत नाही, कारण त्याच्या लेखी तो आयुष्यातला चांगला काळ असतो. उत्तर बायको किंवा आई देते, म्हणून पहिल्या तपासणीला कुणीतरी सोबत जायला हवं.

मूड स्थिर ठेवणारं लिथियम सुरू झालं, अडीच वर्षं बरी गेली. मग त्यानं गोळी सोडली, तीही एका दिवसात. कारणं दोन. मायक्रोमीटर धरताना बोटं बारीक थरथरायची आणि मापात गडबड व्हायची. दुसरं, "आता बरा झालोय, जन्मभर कशाला खायच्या?" थरथर ही लिथियमची नेहमीची तक्रार आहे आणि तिच्यावर इलाज आहेत: डोस थोडा कमी करणं, चहा-कॉफी कमी करणं, गरज पडली तर डॉक्टर प्रोप्रॅनोलॉल देतात. पण तक्रार डॉक्टरांपर्यंत गेलीच नाही. लिथियम एकाएकी बंद केलं की झटका परतण्याचा धोका खूप वाढतो. बंद करायचंच असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, निदान महिनाभरात आणि शक्यतो तीन महिन्यांत हळूहळू उतरवायचं असतं. त्यात नेमकी रात्रपाळी आणि गणपतीतली जागरणं आली. अकरा दिवसांत मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपमधून तीन कर्जं, हप्त्यावर मोटारसायकल, सुपरवायझरशी हुज्जत, आणि दुसऱ्यांदा भरती. त्यानंतर पाच महिन्यांची उदासी. या उदासीच्या शेवटाला खरं काम सुरू झालं.

पाळी आणि झोप

सुरुवात झोपेपासून केली, कारण बायपोलरमध्ये झोप मोडणं हे झटक्याचं लक्षण असतं आणि कारणही. कारखान्यात दर आठवड्याला पाळी बदलायची: फर्स्ट, सेकंड, थर्ड. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं. आठ तासांचा बदल पचवायला आठवडा लागतो, आणि पचेपर्यंत पुढची पाळी येते. सुदृढ माणूस ते कसंबसं रेटतो. बायपोलर असलेल्याला दर तीन आठवड्यांनी अशी ठिणगी परवडत नाही.

डॉक्टरांकडून पत्र घेतलं. त्यात आजाराचं नाव नव्हतं. "वैद्यकीय कारणास्तव पुढील सहा महिने रात्रपाळी देऊ नये, त्यानंतर फेरतपासणी" एवढंच होतं. असं पत्र द्यायचं तर मुदत घालून द्यावं. "कायमस्वरूपी" म्हटलं की कंपनीला माणूस निकामी वाटायला लागतो. सहा महिन्यांचं पत्र फारशी खळखळ न करता स्वीकारलं जातं आणि पुढं वाढवता येतं. रात्रपाळीचा भत्ता बुडाला, महिन्याला दीडेक हजार. हा तोटा घरात आधीच बोलून घेतला होता. नाहीतर दोन महिन्यांनी तोच माणूस भत्त्यासाठी स्वतःहून थर्ड शिफ्ट मागून घेतो.

तरीही बांधणी पहिल्यांदा इथंच कोसळली. थर्ड गेली, सेकंड राहिली. सेकंड रात्री बाराला सुटायची. घरी यायला साडेबारा, जेवायला एक, झोपायला दोन. गोळी कधी नऊला डबा खाताना, कधी घरी आल्यावर. वहीत तीन महिन्यांच्या नोंदी झाल्यावर चित्र स्पष्ट दिसलं. सेकंडच्या आठवड्यात मंगळवार-बुधवारपासून मूडचा आकडा वर सरकायचा आणि फर्स्ट सुरू झाली की खाली यायचा. तेच पान घेऊन तो एचआरच्या साहेबांकडे गेला. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याचा सकाळी दुधाचा धंदा होता, त्याला कायम सेकंडच हवी होती. अदलाबदल झाली. नुसत्या विनंतीवर हे झालं नसतं. नोंद दाखवल्यावर झालं.

फर्स्ट पक्की झाल्यावर दिवसाचे पाच खुंटे ठरले: अंथरुणातून उठणं, पहिल्यांदा कुणाशी तरी बोलणं, काम सुरू होणं, रात्रीचं जेवण, झोपायला जाणं. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या मानसशास्त्रज्ञ एलन फ्रँक यांनी बायपोलरसाठी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत हेच पाच खुंटे मोजतात. ठरलेल्या वेळेच्या पाऊण तास अलीकडे-पलीकडे झालं तर चालतं, त्याहून जास्त सरकलं तर त्या दिवशी तो खुंटा हुकला असं धरायचं. उठणं साडेपाच, जेवण साडेआठ, गोळी नऊ, झोप दहा. सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ साडेसहाच्या पुढं जाऊ द्यायची नाही. हाच नियम सगळ्यात जड गेला, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त उपयोगी हाच पडला.

वही

दोनशे पानी साधी वही. एका ओळीत एक दिवस: झोपलो किती वाजता, उठलो किती वाजता, मूड, गोळी, शेरा. मूडचे आकडे उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत. शून्य म्हणजे नेहमीचा. अधिक एक म्हणजे इतरांना छान वाटेल असा, अधिक दोन म्हणजे घरच्यांना खटकेल असा, अधिक तीन म्हणजे दवाखाना. खाली उणे एकला काम होतं पण रेटून, उणे दोनला आंघोळही टळते, उणे तीनला जगणं नकोसं होतं. प्रत्येक आकड्यापुढं त्याच्याच आयुष्यातलं एक उदाहरण पहिल्या पानावर लिहून ठेवलं. त्याशिवाय आकड्यांना अर्थ राहत नाही. आज दोन म्हणजे काय आणि उद्या दोन म्हणजे काय, याचा भरवसा नसतो.

नोंद सकाळी चहाच्या वेळी करायची. रात्री करायची ठरवली की थकव्यात राहून जाते. आणि एका ओळीपेक्षा जास्त लिहायचं नाही. पहिल्या महिन्यात तो रोज पानभर लिहायचा, दुसऱ्या महिन्यात वही बंद पडली.

धोक्याच्या खुणांची पहिली यादी फसली. तिच्यात "चिडचिड, जास्त बोलणं, जास्त खर्च" असं होतं. चिडचिड कोणत्या घरात नसते? मशीन बंद पडलं म्हणून तो चिडला तरी बायकोला शंका यायची, आणि बायकोला शंका आली म्हणून तो आणखी चिडायचा. खर्चाची खूण तर उशिराची. तोवर झटका अंगावर आलेला असतो. दुसरी यादी मागच्या दोन्ही झटक्यांच्या आधीचे तीन आठवडे आठवून, पत्नी आणि दादा यांच्यासोबत बसून केली. पहाटे साडेतीनला उठून टूलबॉक्स पुसायला घेणं. सहाच्या आत व्हॉट्सॲपवर वीसेक स्टेटस टाकणं. शाळेतल्या, वर्षानुवर्षं न बोललेल्या मित्रांना फोन लावणं. कामावर जाताना अत्तर. सिन्नरला स्वतःचं जॉबवर्कचं शेड टाकायचं बोलणं, आणि तेही या महिन्यातच. या खुणा दुसऱ्या कुणाच्या कामाच्या नाहीत, म्हणूनच त्याच्या कामाच्या आहेत.

अशी स्वतःची खूणयादी बनवून लवकर डॉक्टरांकडे जायला शिकवलं तर काय होतं, हे ब्रिटनमध्ये ६९ रुग्णांवर तपासलं गेलं; तो अभ्यास १९९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तेजीचे झटके कमी झाले आणि पुढचा झटका उशिरा आला. उदासीवर मात्र परिणाम दिसला नाही. म्हणून उदासीची तजवीज वेगळी करावी लागते. ती पुढं येते.

जॉबवर्कच्या शेडबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. ते त्याचं खरंखुरं स्वप्न आहे, आणि हात चांगला असलेल्या ऑपरेटरला ते शोभतंही. त्याला सरसकट आजाराची खूण म्हटलं की माणूस आतून मोडतो. त्याला वाटतं, माझी प्रत्येक चांगली कल्पना म्हणजे आजारच. तोडगा असा निघाला: वहीच्या शेवटच्या पानावर कल्पना तारीख घालून लिहायची, आणि मूड सलग सहा आठवडे शून्याच्या आसपास असेल तेव्हा ते पान उघडून बसायचं. शून्याला जी कल्पना तगते ती त्याची.

लाल रेषा एकच ठेवली: सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप, आणि तरीही थकवा नाही. यातला दुसरा भाग विसरू नये. झोप येत नाही म्हणून कूस बदलत पडलेला, सकाळी पिळवटलेला माणूस वेगळा; त्याचं कारण काळजी असेल, उदासी असेल. कमी झोपूनही टवटवीत उठणारा माणूस तेजीकडे निघालेला असतो. रेषा ओलांडली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आणि त्यांनी आधीच लिहून दिलेली रात्रीची जादा गोळी त्यांना सांगून सुरू. दुपारी चारनंतर चहा बंद. संध्याकाळी सातनंतर घरातले मोठे दिवे बंद, नऊला मोबाइल पत्नीकडे. दोन दिवस रजा. गाडी दादाकडे.

वहीतला एक आठवडा इथं उतरवतो. सोमवार साडेसहा तास, शून्य. मंगळवार सहा तास, शून्य. शेजारी लग्न, डीजे. बुधवार साडेचार तास, अधिक एक, "फ्रेश". गुरुवार चार तास, अधिक एक, टूलबॉक्स. गुरुवारी सकाळी फोन झाला, त्या रात्री नऊ तास झोप लागली, रविवारी आकडा शून्यावर आला. बुधवारच्या "फ्रेश" या एका शब्दानं काम केलं. तो त्यानं स्वतः लिहिला होता, त्यामुळे वाद घालायला जागा उरली नाही.

बोलायचं कसं, हेही ठरवावं लागलं. आधी पत्नी सगळ्यांसमोर "गोळी घेतली का?" विचारायची आणि तो भडकायचा. आता ती म्हणते, "अहो, वही आणू का?" हे वाक्य त्यानंच निवडलं आहे. चारचौघांत बोललं तरी कुणाला काही कळत नाही.

रक्ताची तपासणी

लिथियमची गोळी म्हणजे मिठासारखाच एक क्षार. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी तेजीच्या झटक्यात त्याचा उपयोग दाखवला, आणि बायपोलरमध्ये आजही ते पहिल्या फळीतलं औषध आहे. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर कमी असल्यानं रक्तातली पातळी मोजावी लागते. झटके टाळण्यासाठी साधारण ०.६ ते ०.८ (मिलीमोल प्रति लिटर), काहींना १.० पर्यंत, १.५ च्या वर धोका. डोस बदलला की पाच-सात दिवसांनी, नंतर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी. सोबत दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियम, कारण लिथियमचा ताण मूत्रपिंड आणि थायरॉइडवर येतो.

रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. तो फर्स्ट संपवून दुपारी चारला लॅबमध्ये गेला होता, म्हणजे एकोणीस तासांनी. आकडा ०.४२ आला आणि डोस वाढणार होता. डॉक्टरांनी गोळीची वेळ विचारली म्हणून टळलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला दिलेल्या रक्तात ०.६८ आला. आणखी एक गोष्ट लॅबवाल्याला आधी सांगावी: लिथियम हेपरिन असलेल्या, बहुधा हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं आणि आकडा खोटा वाढतो. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचा नाही.

चैत्रातली घसरण

दुसऱ्यांदा बांधणी कोसळली ती मूड उत्तम असताना. रामनवमी ते चैत्र पौर्णिमा सप्तशृंगी गडावर यात्रा असते. मंडळाची पायी दिंडी नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरीमार्गे निघते. अंतर साठेक किलोमीटर. घराचा नवस होता. ऊन चाळिशीकडे, उपवास, पाणी बेताचं, रात्रीची चाल. वणीच्या आधी गुडघा धरला तेव्हा कुणीतरी दुखण्याची गोळी दिली, डायक्लोफेनॅक; दोन घेतल्या.

मूत्रपिंड लिथियम आणि सोडियम यांना जवळपास एकाच रीतीनं हाताळतं. घामावाटे मीठ-पाणी कमी झालं की शरीर सोडियम धरून ठेवतं, त्याबरोबर लिथियमही धरलं जातं. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या लिथियम बाहेर टाकण्याचं काम आणखी मंदावतात. दोन्ही एकत्र आलं. नांदुरीला पोचेपर्यंत हाताची थरथर एवढी वाढली की कपातला चहा बशीत सांडत होता. दोन उलट्या झाल्या, चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली. बारीक थरथर रोजची असते. ठळक थरथर, उलटी-जुलाब, झोकांड्या, बोबडं बोलणं ही लिथियम अंगावर आल्याची लक्षणं.

सोबतच्यांना ऊन लागलं असं वाटलं, आणि लिंबूपाणी देऊन सावलीत निजवणारही होते. पाकिटातल्या कार्डानं वाचवलं: "मी लिथियम घेतो. उलटी, तोल जाणं, बोलणं जड झालं तर लगेच दवाखान्यात न्या, रक्तातील लिथियम तपासा." पातळी १.७ निघाली, क्रिएटिनिनही वाढलेलं. लिथियम थांबवलं, सलाइन लावलं, तीन दिवस रुग्णालयात ठेवलं. पुढं डॉक्टरांनी डोस कमी करून पुन्हा सुरू केलं.

पुढच्या चैत्रात गडावर जाणं थांबलं नाही, थांबवायचं कारणही नव्हतं. नांदुरीपर्यंत एसटीनं, मुक्काम करून पूर्ण झोप, पहाटे गार वेळेत पायऱ्या. पाणी आणि ओआरएस सोबत, उपवासाला मीठ घातलेली साबुदाण्याची खिचडी. दुखलं तर पॅरासिटामॉल. निर्जळ उपवास आणि रात्रभराचं जागरण दोन्ही वर्ज्य, आणि हे आईला डॉक्टरांनी स्वतः सांगितलं. आईनं ऐकलं ते देवीचं दर्शन कायम राहिलं म्हणून. श्रद्धा मोडायला गेलं की घरात दोन तट पडतात आणि गोळ्या त्यात अडकतात.

पैसा

तेजीत पैसा सगळ्यात वेगानं जातो, आणि उदासी आली की त्याच कर्जाचे फोन येतात. म्हणून पगार येतो त्या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही. रोजच्या खर्चाला वेगळं खातं, त्यात आठवड्याचे पैसे, यूपीआयची रोजची मर्यादा दोन हजार. मोठ्या खर्चाचा नियम: पाच हजारांच्या वर काहीही घ्यायचं तर दोन रात्री नीट झोपून मग, आणि दादाला फोन करून. दागिने पत्नीच्या नावाच्या लॉकरमध्ये. हे सगळं त्यानं शून्यावर असताना स्वतः सही करून लिहून दिलं, त्यामुळे वेळ आल्यावर पत्नी ताबा घेतेय असं न वाटता ठरल्याप्रमाणे चाललंय असं वाटतं. तेजीच्या पहिल्या दोन दिवसांतच हे वाटू शकतं. नंतर काही ऐकलं जात नाही, म्हणूनच लाल रेषा एवढी अलीकडे आखली.

त्याचा पगार २१ हजारांच्या आत असल्यानं तो ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, बसतो. दुसऱ्या झटक्याच्या वेळी घरच्यांनी लाजेपोटी बिनपगारी रजा टाकल्या. हक्काचे पैसे बुडाले. ईएसआयचा आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, सरासरी रोजगाराच्या ७० टक्के मिळतो. शिवाय दीर्घ आजारांच्या यादीत तीव्र मानसिक आजार आहेत, बायपोलर तिथं त्याच्या जुन्या नावानं, मॅनिक डिप्रेसिव्ह सायकोसिस म्हणून, येतो. दोन वर्षं विमाधारक नोकरी आणि मागच्या चार (सहा-सहा महिन्यांच्या) वर्गणीकाळांत १५६ दिवसांची वर्गणी असेल तर ९१ दिवसांपलीकडेही ८० टक्क्यांनी लाभ मिळतो. आजारपणाचा लाभ चालू असताना कामावरून काढायला जुन्या ईएसआय कायद्याच्या कलम ७३ नं मनाई होती; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. प्रमाणपत्र पहिल्या दिवसापासून घ्यावं, मागाहून जुळवताना दमछाक होते.

उतरणीची तजवीज

उदासी हळू येते आणि वहीत आधी झोप लांबलेली दिसते. सलग पाच दिवस उणे एक किंवा खाली गेलं की डॉक्टरांना कळवायचं. घरी तीनच गोष्टी: ठरल्या वेळेला उठणं, आंघोळ, आणि सकाळच्या उजेडात पंधरा मिनिटं चालणं. वाटलं तर करू असं नाही, घड्याळावर करायचं. उदासीत इच्छा आधी येत नाही, कृतीच्या मागून येते, तीही काही दिवसांनी. दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपायचं नाही. गावी बागेत विश्रांतीला पाठवायचं ही घरच्यांची जुनी पद्धत होती, ती बदलली. रिकामा दिवस आणि एकटेपणा यांनी उदासी खोल जाते, आणि बागायतदाराच्या घरात फवारणीची औषधं हाताशी असतात. ती दादानं कुलपात ठेवली, किल्ली स्वतःकडे. लिथियम जास्त प्रमाणात घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून घरात पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा नाही आणि तोही पत्नीकडे.

मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारायला पत्नी घाबरत होती; विचारलं तर डोक्यात भरेल असं तिला वाटायचं. तसं होत नाही. विचारल्यानं माणूस बोलता होतो. "जगू नये असं वाटतंय का?" एवढंच, शांतपणे. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा जिल्हा शासकीय रुग्णालय गाठायचं. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक चोवीस तास असतो, मराठीतही बोलता येतं. तो घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये आहे, मुलीच्या शाळेच्या डायरीच्या मागेही.

कागद

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं प्रत्येक सज्ञान व्यक्तीला दोन गोष्टींचा हक्क दिला. पुढं आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधी लिहून ठेवणं, आणि आपल्या वतीनं बोलणारी व्यक्ती नेमणं. त्यानं दादाला नेमलं. पत्नीला का नाही, याचं उत्तर दोघांनी मिळून दिलं: भरती करण्याचा निर्णय बायकोनं घेतला की ती कडवट आठवण पुढं नात्यात राहते. पूर्वी कोणत्या औषधानं अंग आखडलं तेही त्यानं त्या कागदात लिहिलं. तातडीच्या उपचारांत हे आधी लिहिलेलं बंधनकारक नसतं, हे घरच्यांना आधीच माहीत असावं. याच कायद्याप्रमाणे आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं धरावं लागतं.

पत्नीचा भार

बांधणीतली सगळ्यात कच्ची जागा अजून पूर्ण भरलेली नाही. वही बघणं, साठा सांभाळणं, डॉक्टरांना फोन, सगळं एकाच बाईवर येऊन बसलं. पहिल्या वर्षाच्या शेवटी तिलाच झोप लागेनाशी झाली; रात्री दोनदा उठून तो झोपलाय ना, हे ती बघायची. आता दर रविवारी दादा फोनवर वहीतले सात आकडे विचारून घेतो, आणि त्या दिवशी पत्नी वहीला हात लावत नाही. रक्ततपासणीच्या तारखा नवरा स्वतः सांभाळतो. ती दिवाळीनंतर आठ दिवस माहेरी जाते तेव्हा गोळ्यांचा डबा आईकडे असतो. आईला अक्षरं नीट दिसत नाहीत, म्हणून सात खणांचा डबा आणला, खण रिकामा दिसला की गोळी घेतली. त्या आठ दिवसांत लाल रेषा ओलांडली तर फोन कोण करणार, हे मात्र दोनदा ठरून दोनदा बदललं. आई करत नाही, तिला मुलाची चहाडी केल्यासारखं वाटतं. सध्या ते काम कारखान्यातल्या त्याच सेकंडवाल्या सहकाऱ्याकडे आहे. पाळी बदलताना मशीनपाशी दोघांची रोज दहा मिनिटं भेट होते, आणि काय बघायचं याची चिठ्ठी त्याच्याकडे आहे.